बिनबंदुकीचा शिपाई

दिवाळीच्या सुट्टीत नगरला गेलो तेव्हा आजीला दाखवायला फायरिंगचं टार्गेट मुद्दाम बॅगेत घडी करून नेलं होतं. पाचही गोळ्यांची भोकं एका आगपेटीखाली झाकली जात होती. उस्तादांनी सगळ्या सेक्शनसमोर शाबासकी दिली होती. आजीने चष्मा लावून कागद नीट पाहिला आणि विचारलं, "बाळा, हा कागद माणसाच्या जागी आहे ना रे?"

मी म्हणालो, "आजी, बाबासुद्धा फौजेतच आहेत की."

"त्यालाही हेच विचारलं होतं," असं म्हणून ती भाकऱ्या थापायला गेली.

आमचं घर ख्रिस्ती. नगरमध्ये जुनी चर्चं आहेत आणि रणगाड्यांचं संग्रहालयही आहे, लहानपणी मी दोन्हीकडे सारख्याच आनंदाने जायचो. त्या रविवारी मात्र उपासनेत माझं लक्ष लागलं नाही. गेथशेमाने बागेत येशूला धरायला माणसं आली, तेव्हा पेत्राने तलवार काढून प्रमुख याजकाच्या दासाचा कान कापला. येशूने पेत्राला तलवार म्यान करायला लावली, हे मला पाठ होतं. पण त्याने त्या दासाचा कान बराही केला, म्हणजे धरायला आलेल्याचाच, याचा मी कधी विचार केला नव्हता. दुसरीकडे, कफर्णहूमच्या रोमी शताधिपतीच्या विश्वासाचं येशूने कौतुक केलं. त्याला फौज सोडायला सांगितल्याचं कुठे लिहिलेलं नाही. मग खरं काय धरायचं?

शाळेत परतल्यावर लायब्ररीत डेस्मंड डॉस या अमेरिकन शिपायाबद्दल वाचलं. तो सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचा. १९४२ मध्ये फौजेत आला, पण बंदुकीला हात लावणार नाही, जखमींची सेवा करीन, म्हणाला. बरोबरच्यांनी त्याला भित्रा ठरवलं. तो प्रार्थनेला बसला की बूट फेकून मारायचे. (बराकीत टिंगल म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगायला नको.) मे १९४५ मध्ये ओकिनावा बेटावर त्याची तुकडी दोर-जाळ्यांवरून एका कड्यावर चढली. जपानी माऱ्यापुढे तिला मागे हटावं लागलं आणि जखमी वरच राहिले. डॉसही वर राहिला. एकेकाला ओढत तो कड्याच्या टोकाशी आणायचा, दोन फासांच्या गाठीत त्याचे पाय अडकवायचा, छातीभोवती दोर घ्यायचा आणि खाली सोडायचा. असे ७५ जण उतरवले. पुढे तो स्वतः जखमी झाला, तेव्हा आपलं स्ट्रेचर त्याने दुसऱ्याला दिलं. १२ ऑक्टोबर १९४५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्याला मेडल ऑफ ऑनर दिलं.

मी खूश होऊन बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "छान. पण त्या कड्यावर त्याच्यासाठी जागा केली कुणी? बंदूकवाल्यांनीच ना?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही येत नाही. सगळेच डॉस झाले असते तर तो कडा कुणी घेतला असता? आणि तेव्हा वर एकही डॉस नसता तर? एवढं मात्र कळलं, की मारायचं नाही म्हणणारा माणूस घाबरून मागे राहतो, ही माझी समजूत चुकीची होती. आमच्या ड्रिल स्क्वेअरवर अहिंसा हा शब्द आम्ही जरा हसूनच उच्चारतो, मीसुद्धा.

मला एनडीएला जायचं आहे. हल्ली अधूनमधून पुण्याच्या एएफएमसीचाही विचार येतो, तिथे फौजेचे डॉक्टर घडतात. बाबा म्हणतात, ठरवायला अजून वेळ आहे. आजी काहीच म्हणत नाही, फक्त पत्राच्या शेवटी "फायरिंग कशी चालली आहे?" असं न चुकता विचारते. पुढच्या फायरिंगला मी गेलो. ग्रुपिंग चांगलंच आलं आणि आनंदही झाला, हे तिला लपवून ठेवलं नाही.

मागच्या महिन्यात दोन फासांची ती गाठ शिकलो. शेजारच्या कॉटवरच्या मित्राला तिच्यात बसवून, दोर पाठीवरून घेऊन, वरच्या बंकवरून खाली सोडून पाहिलं. त्याचं वजन बासष्ट किलो, उंची जेमतेम पाच फूट. एकाच खेपेत माझे दोन्ही तळवे सोलून निघाले.