एका सेलची बॅटरी

आमच्या गावाकडे विजेरीला कोणी विजेरी म्हणत नाही, बॅटरी म्हणतात. शास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे अनेक सेल एकत्र जोडले, म्हणजे त्यांची बॅटरी होते. त्या हिशेबाने एकच सेल घालायच्या विजेरीला बॅटरी म्हणणे दुहेरी चुकीचे. तरीही २००७ सालच्या हिवाळ्यात मी पुण्यात दुकानोदुकानी हिंडून हेच विचारीत होतो : "एका सेलची बॅटरी आहे का?"

त्याला कारण अण्णा. जुन्नर तालुक्यातील आमच्या रानाला आठवड्यातील काही दिवस वीज रात्रीच मिळे. लाईट आली, की अण्णा उठत, विहिरीवर जाऊन मोटर चालू करीत आणि पहाटेपर्यंत कांद्याच्या वाफ्यांना दारे धरीत. फावडे चालवायला दोन्ही हात लागतात. मग विजेरी धरायची कोठे? अण्णा ती काखेत धरीत. दोन मोठ्या सेलांची, पत्र्याची, चांगली वीतभर लांब. वाकले, की ती हमखास निसटे. मार्गशीर्षातल्या एका रात्री ती अशीच निसटून पाटात पडली आणि विझली. चाचपडण्यासाठी अण्णांनी हात पुढे केला, तोच अगदी जवळून कुकरच्या वाफेसारखा फूत्कार ऐकू आला. घोणस होती. ती डावीकडे की उजवीकडे, हातभर दूर की वीतभर, काहीच कळेना. अण्णा होते तसेच वाकून उभे राहिले. किती वेळ, ते त्यांनाही सांगता आले नाही. आवाज थांबला, तेव्हा वाफा फुटून पाणी शेजारच्या रानात शिरले होते.

ही हकीकत त्यांनी मला आठ दिवसांनी हसत हसत सांगितली. आई हसली नाही. "त्यांना डोक्याला बांधता येईल असं काहीतरी आण," एवढेच ती म्हणाली.

डोक्याला बांधायचे दिवे तेव्हा मिळत नव्हते असे नाही. गिर्यारोहकांच्या दुकानात मी ते पाहिले. पण त्यांना तीन-तीन बारीक सेल लागत. आमच्या वाडीवरील दुकानात घड्याळाचा पेन्सिल सेल तेवढा खात्रीने मिळे. साडेचौदा मिलिमीटर जाडीचा आणि पन्नास मिलिमीटर लांबीचा तो सेल हीच माझी मोजपट्टी झाली. तपकीर गल्लीतील दुकानदारांनी माना हलवल्या. शेवटी एका रविवारी जुन्या बाजारात कुलपे, नळाच्या तोट्या आणि घड्याळांची चाके यांच्या ढिगात एक ॲल्युमिनियमची नळी हाती लागली. बोटाएवढी लांब. आत गंजलेली स्प्रिंग, बल्ब नाही, मागे फिरवून लावायचे झाकण. विकणाऱ्याने दहा रुपये सांगितले आणि मी घासाघीस करायचीही विसरलो.

स्प्रिंग पॉलिश पेपरने घासून स्वच्छ केली. एका सेलवर चालणारा बल्ब खटपटीने मिळवला. पण त्याचा उजेड पिवळट, आणि थोड्या तासांतच तो निखाऱ्यासारखा लाल होऊन विझे. तारेच्या बल्बमध्ये विजेचा बहुतेक भाग उष्णतेतच जातो. पांढऱ्या एलईडीला त्यामानाने फारच थोडी वीज पुरते. हा दिवा मुळात निळा. त्यावर पिवळ्या रंगाचा प्रकाश देणारा लेप असतो आणि दोन्ही मिळून पांढरा उजेड दिसतो. ज्या निळ्या एलईडीमुळे हे शक्य झाले, त्याच्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना पुढे २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अडचण एकच होती. हा दिवा पेटायला सुमारे तीन व्होल्ट लागतात, आणि एका सेलमध्ये असतात दीड!

या अडचणीवरचा उपाय १९९९ साली एका इंग्रजी इलेक्ट्रॉनिक्स मासिकात आला होता. पुढे त्याला 'ज्यूल थीफ' हे नाव पडले. ज्यूल हे ऊर्जेचे एकक. 'ज्वेल थीफ' म्हणजे रत्नचोर, त्यावरचा हा श्लेष. मरत आलेल्या सेलमधील उरलीसुरली ऊर्जा चोरून काढणारी ही जोडणी. तिला एक ट्रान्झिस्टर, एक हजार ओहमचा एक रोधक आणि दोन तारांचे वेढे घेतलेले फेराइटचे लहान कडे, एवढेच पुरते. हे कडे मी एका बिघडलेल्या सीएफएल दिव्यातून काढले. काम कसे चालते, ते अण्णांना मी विहिरीच्या भाषेत सांगितले होते. मोटर एकाएकी बंद पडली, की वाहते पाणी थांबायला तयार नसते आणि पाइपला दणका बसतो. तसेच ट्रान्झिस्टर वीज सोडतो आणि अचानक तोडतो. तारेतील प्रवाह थांबायला तयार नसतो आणि त्या दणक्यात क्षणभर व्होल्ट वाढतात. असे दणके सेकंदाला हजारो बसतात, म्हणून डोळ्यांना उजेड सलग दिसतो.

दोन पातळ तारा एकत्र धरून मी कड्याभोवती वीस वेढे घेतले, डाग दिले, सेल लावला. मिट्ट काळोख. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मी ट्रान्झिस्टर बदलला, सेल बदलला. चूक निघाली ती साधीच होती. एका तारेचे सुरुवातीचे टोक दुसरीच्या शेवटच्या टोकाला जोडून ते सेलच्या धन बाजूला न्यायचे असते. मी दोन्ही सुरुवाती एकत्र बांधल्या होत्या. टोके उलटी केली आणि टेबलावर असा पांढराशुभ्र ठिपका पडला, की मी खोलीतला दिवा घालवून बराच वेळ नुसता बघत बसलो. जोडणी नळीच्या धातूला टेकू नये म्हणून तिला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. त्याच ट्यूबची पट्टी कापून डोक्याभोवतीचा पट्टा केला.

अण्णांनी मफलरवर पट्टा चढवला, अंगणात पाय टाकला आणि म्हणाले, "काजवा हाय." पण गेले. त्यांचे दोन्ही हात मोकळे होते आणि पायांपुढील दोन पावले स्पष्ट दिसत होती.

मी फुशारकी मारली होती, की घड्याळातून काढून टाकलेले सेलही हिच्यात चालतील. ते खरेच चालले. पण जस्ताचे कवच खाऊनच हा साधा सेल वीज देतो. तो शेवटच्या थेंबापर्यंत पिळला, की कवचाला भोके पडतात आणि आतील रसायन बाहेर येते. श्रावणात एका रात्री सेल असाच फुगून नळीत अडकला. अण्णांना बांधाबांधाने, आठवणीच्या आधारावर, पायाने चाचपत घरी यावे लागले. ते मला काही बोलले नाहीत. आईने फक्त ती नळी माझ्यापुढे ठेवली. मागून खिळा ठोकून मी सेल बाहेर काढला आणि पुन्हा सगळे घासले. त्या रात्री दुसरी घोणस भेटली असती, तर दोष माझ्या चलाखीचाच होता. मग आईनेच नियम केला : दर अमावास्येला नवा सेल, जुना चालत असला तरी.

मोठी विजेरी अण्णांनी टाकली नाही. उसाच्या बाजूला बिबट्याचे डोळे चमकतात का, हे पाहायला दूरवर जाणारा झोतच लागतो. काजव्याचे ते काम नव्हे. आता चार्ज करायचे डोक्याचे दिवे आमच्या आठवडे बाजारातही मिळतात, आणि अण्णांकडेही तसा एक आहे. दहा रुपयांची नळी गोठ्याच्या खिळ्याला टांगलेली असते. म्हैस विताना आई ती दातांत धरून वाकते. तिच्या कॅलेंडरवर अमावास्येच्या चौकटीत अजूनही पेन्सिलीने लहानशी उभी रेघ ओढलेली असते.