आठ महिने सायकल, चार महिने लेखणी

लांब पल्ल्याची सायकल आणि पुस्तकाचे लेखन यांचे एरवी फारसे भांडण नाही. भांडण आहे ते पहाटेवरून. नोकरदार संसारी माणसाला दिवसातले स्वतःचे असे दोनच तास मिळतात, साडेचार ते साडेसहा. एकदा दूधवाल्याने घंटा वाजवली की ते संपले. सायकलला हेच तास हवेत, कारण त्या वेळी रस्ता मोकळा असतो. लेखणीलाही हेच हवेत, कारण त्या वेळी घर निजलेले असते. एका म्यानात दोन तलवारी बसवण्याचा हा प्रकार.

गेल्या कार्तिकापासून यंदाच्या आश्विनापर्यंत मी तो करून पाहिला. पुस्तकाचा विषय होता मराठीतले ग्रंथ ज्या जागी लिहिले गेले त्या जागा; आणि पुण्याहून जिथे सायकलने जाता येईल तिथे सायकलनेच जायचे, असा नेम केला. मोटारीत बसले की गाव निघण्यापूर्वीच आल्यासारखे वाटते. पायी जावे तर कॉलेज तितकी रजा देत नाही. सायकल मधली. शरीराला अंतर कळते आणि सोमवारी तासावर हजरही राहता येते.

मुदत एकच वर्षाची का, याचे कारण माझी आई. ती प्राथमिक शाळेतली निवृत्त शिक्षिका, वय ब्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी तिच्या दृष्टीचा मधला भाग गेला. कडेचे दिसते, अक्षर दिसत नाही. त्याला आता चष्मा नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. पुढे कानही मंदावू लागले. तेव्हा ती म्हणाली, "ऐकू येते आहे तोवर वाचून दाखव. मग छाप केव्हाही." प्रकाशकाची मुदत पुढे ढकलता येते, ही ढकलता येण्यासारखी नव्हती.

आमचा बेत जाहीर होताच घरातून सल्ले आले. सौ. म्हणाली, एक दिवस सायकल, एक दिवस लेखन. मुलगा म्हणाला, सायकल चालवता चालवता मोबाइलवर बोलून लिहावे. आईने मात्र निराळेच सांगितले. "अरे, संन्याशीसुद्धा आठ महिने फिरतो आणि चातुर्मासात एका जागी बसतो. तू तर संसारी माणूस." मला ते पटले. पावसाळ्यापर्यंत फिरायचे आणि टिपणे करायची. आषाढीपासून बसून लिहायचे. पहाट एका वेळी एकाच सवतीची.

पहिली मजल नेवाशाची. भाऊबीज आटोपून दुसऱ्या दिवशी निघालो. पुण्याहून अहिल्यानगर, म्हणजे आमच्या तोंडात बसलेले नगर, सुमारे 120 किलोमीटर. शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर ही नावे एरवी एस. टी.च्या पाटीवर वाचायची. त्या दिवशी ती एकेक करून पायांनी मोजली. समोरून वारा होता. समोरचा वारा चढापेक्षा वाईट, कारण चढाला माथा असतो. दुसऱ्या दिवशी आणखी साठेक किलोमीटर, उसाच्या फडांमधून, प्रवरेकाठी.

नेवाशाला तो प्रसिद्ध पैसाचा खांब आहे. त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. साल 1290, ओव्या सुमारे नऊ हजार. खांबावर जुना लेख कोरलेला आहे आणि भोवती आता मंदिर आहे. वर्गात गेली वीस वर्षे मी सांगत आलो की पैठणहून परतताना ही भावंडे नेवाशास राहिली. एका श्वासात वाक्य संपते. पण दोन दिवस पॅडल मारून, आखडलेल्या पोटऱ्यांनी त्या खांबापाशी बसलो, तेव्हा 'परतताना' या एका शब्दात किती चाल आहे ते समजले. जन्मशक 1197 धरला तर त्या वेळी ज्ञानेश्वरांचे वय पंधरा. बहीण त्याहून धाकटी. आमच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांहूनही लहान मुले ही, आणि सारा रस्ता पायी!

दुसरी मजल शिवथर घळीची. भोरवरून नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने वरंधा घाटाला लागायचे आणि कोकणाच्या बाजूला उतरायचे. घाटात सुंदर विचार सुचतात, असे सायकल न चालवणारे लेखक सांगतात. माझा अनुभव असा, की चढावर माणूस फक्त पुढचे वळण पाहतो आणि उतारावर फक्त ब्रेक. विचार सुचतो तो चहाच्या टपरीवर, आणि तोही दोन ओळींचा. त्या दोन ओळी खिशातल्या वहीत लिहून ठेवायच्या, एवढेच प्रवासातले लेखन.

रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहिला तो या घळीत, असे मानतात. धुळ्याच्या शंकरराव देवांनी ही जागा 1930 मध्ये शोधून काढली. वीस दशक, प्रत्येकी दहा समास. म्हणजे दोनशे बैठका धरा. आत गारवा, अंधुक उजेड आणि बाहेर पाण्याचा आवाज. इथे बसल्यावर लेखन पुढे जाईल नाही तर काय होईल! पण रोज नव्याने बसावे लागले असणारच. ग्रंथ थोर असला तरी समास एकामागून एकच येतो. घाट मोठा असला तरी वळण एकामागून एकच येते.

वाईला गेलो माघात, खंबाटकी चढून. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या विश्वकोशाचे हे गाव. मंडळ 1960 चे, पहिला खंड 1976 चा आणि विसावा पुरा व्हायला 2015 उजाडले. उलट साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात 1933 मध्ये पाच दिवसांत लिहिली. टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेला 1910-11 च्या हिवाळ्यात काही महिन्यांत पेन्सिलीने लिहून काढले आणि ते छापून आले 1915 मध्ये. पुस्तकाला किती वेळ लागावा याचे कोष्टक नाही. मुंबईचे अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा 1923 मध्ये सायकलने पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, 1928 मध्ये परतले, आणि त्यांचे पुस्तक आले 1931 मध्ये. त्यांनीही आधी चाक फिरवले आणि मग लेखणी.

फाल्गुनात नाशिकचा फेरा झाला; तुरुंगाची भिंत बाहेरूनच पाहिली. सरावासकट वर्षाचे तीन हजार किलोमीटर भरले. चैत्र-वैशाख उत्तरपत्रिकांनी खाल्ले. आषाढी एकादशीला सायकल पुसली, साखळीला तेल दिले आणि व्हरांड्यात उभी केली. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला टेबलाशी बसलो.

आता पायांनी कमावलेले उपयोगी पडले. घाटात एक गोष्ट अंगवळणी पडते: ज्या वेगाने बोलता येईल त्याच वेगाने चढावे, सुरुवातीला जोर केला तर माथ्याआधी उतरून ढकलावे लागते. म्हणून रोज दीड पान. रंगात आलो तरी दीडच, वाक्य अर्धे सोडूनसुद्धा. दुसऱ्या दिवशी त्या अर्ध्या वाक्यावर पाय ठेवला की चाक फिरू लागे.

रविवारी सकाळी आईच्या उजव्या कानापाशी खुर्ची ओढून आठवड्याची पाने वाचायची. पहिल्या रविवारी साध्या आवाजात वाचले. श्रावण सरता सरता आवाज इतका चढवावा लागला की शेजारच्या बिऱ्हाडालाही ज्ञानेश्वरांचा प्रवास कळू लागला. ती मध्येच थांबवी. शिक्षिकेचा स्वभाव! "हा शब्द दोनदा आला." "इथे तू दमलास वाटते." बहुतेक वेळा ते खरे निघे.

पितृपक्षात शेवटचे प्रकरण झाले आणि घटस्थापनेला वाचून पुरे केले. संध्याकाळी बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "नेवाशाचा तो खांब मला नीट दिसला. हाताला गारही लागला." मग सवयीने पुढे, "प्रस्तावना मात्र लांबली आहे, काप."

प्रस्तावना कापतो आहे. हस्तलिखित प्रकाशकाकडे जाईल तेव्हा जाईल. चातुर्मास संपायला अजून अवकाश आहे. व्हरांड्यातल्या सायकलच्या मागच्या चाकातली हवा गेलेली दिसते. कार्तिकी एकादशीपर्यंत भरायची नाही, असे ठरले आहे.