शब्बाथला चालत जाता येईल असं हॉटेल

मुंबईला जायचं ठरलं आणि अश्दोदच्या आमच्या घरात तीन पिढ्यांची तीन मतं झाली. मुलांना जुहूचा समुद्र हवा, मला स्वस्त खोली. ८४ वर्षांच्या आईचं एकच म्हणणं, "शनवारी माझ्या मशिदीत पायी जाता आलं पाहिजे."

तिचं लग्न सॅम्युएल स्ट्रीटवरच्या शाआर हारहामीममध्ये लागलं. सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली स्थापलेली ही मुंबईतली पहिली मशीद. मशीद बंदर स्टेशनचं नावही तिच्यावरूनच पडलं, असं आपले वडीलधारे सांगतात.

शब्बाथला गाडी नाही, लिफ्ट नाही. म्हणून मशिदीजवळच पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या. दाराला कार्ड नव्हे, साधी किल्ली. खाली रात्रभर हातगाड्यांचा खडखडाट. मुलं कुरकुरली.

शनवारी आई तीनदा थांबत, माझा हात धरून पोचली. मशिदीत मोजकीच माणसं होती. दारातल्या मझुझाला हात लावून ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मुलं गप्प झाली.

जुहू रविवारी झालं. तुम्ही निघालात तर बुकिंगआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा: तुम्हाला पायी कुठं जायचंय?