बालदीची बादली

पुणे

चि. निनाद,


बर्मिंगहॅमच्या हॉटेलातल्या 'बाल्टी चिकन'चा फोटो मिळाला. "आत्या, इथे लोक बादलीत जेवतात का गं?" म्हणे! अरे, ती छोटी कढई. नावाचा संबंध कुणी बाल्टिस्तानशी जोडतं, कुणी हिंदीतल्या बाल्टीशी. तो वाद त्यांना लखलाभ.

पण बादलीचं विचारशील तर ती मुळात आपली नव्हेच. पोर्तुगीजांचं 'बाल्दे'. उत्तरेत त्याची बाल्टी झाली, मुंबईत अजून बालदी ऐकू येते, आणि आपल्या तोंडात ल आणि द यांनी जागा बदलल्या. नुकसानीचं 'नुस्कान' करणारी जीभ आपली, तिला काय अवघड! गवंड्याचं घमेलं आणि मोरीतलं पिंप हीसुद्धा तिकडचीच, 'गामेला' आणि 'पीपा'. गोवा त्यांनी १५१० साली घेतला, वसई १७३९ पर्यंत त्यांच्याकडे होती; शब्द घरात शिरायला एवढा काळ पुरे.

आपला शब्द पोहरा. आमच्या विहिरीवरचा लोखंडी होता, गोल बुडाचा. पाण्याला टेकला की आपसूक कलंडायचा आणि गटगट भरायचा. बादली सपाट बुडाची, ती नुसती तरंगते. दोराला झटके देऊन देऊन हात भरून येतात. पोहरा सुटून तळाशी गेला की गळ टाकून तासभर चाचपडायचं आणि वर आजीची बोलणी खायची. घरोघरी बादल्या आल्या, तरी 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' ही म्हण कुणी बदलली नाही.

शेताला पाणी द्यायची ती चामड्याची मोट. बैल धावेवरून उतरायचे, नाडा ताणला जायचा, मोट वर यायची आणि सोंडेतून पाणी धबाधबा थारोळ्यात पडायचं. इंजिनं आली, मोट गेली. थारोळं तेवढं राहिलं, तेही वर्तमानपत्रात, 'रक्ताच्या थारोळ्यात' म्हणून. पाण्याच्या इतक्या चांगल्या शब्दाची ही गत मला अजिबात आवडत नाही.

मे महिन्यात आलास की गावी जाऊ. पोहरा माळ्यावर आहे, दोर मात्र नवा घ्यावा लागेल.

तुझी,
आत्या