हातचे आणि पळते

हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये, ही म्हण आपल्याकडे शहाणपणाचा अर्क म्हणून सांगितली जाते. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल, म्हणजे एनबीए, पाहताना मात्र ती मला वारंवार अपुरी वाटत आली आहे. मैदानावर एका वेळी संघाचे पाचच खेळाडू असल्याने एक असामान्य खेळाडू सगळे चित्र पालटू शकतो. पण तो नुसते पैसे मोजून दुसऱ्या संघाकडून विकत घेता येत नाही. बदल्यात आपले खेळाडू द्यावे लागतात, आणि वेतनमर्यादेच्या नियमांमुळे दोन्हीकडच्या वेतनांचा मेळही बहुधा घालावा लागतो. उरलेली किंमत भावी नवोदितांच्या निवडीचे, म्हणजे ड्राफ्टचे, हक्क देऊन चुकवली जाते. व्यवहार माणसांचा दिसला, तरी देवघेव काळाची असते.

२०१३ साली ब्रुकलिन नेट्सने बॉस्टन सेल्टिक्सकडून केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स यांना आणले. गार्नेट तेव्हा ३७ वर्षांचा होता, पिअर्स ३५चा. मोबदल्यात इतर खेळाडूंबरोबर २०१४, २०१६ व २०१८चे पहिल्या फेरीचे हक्क आणि २०१७ साली निवडीचा क्रम बदलून घेण्याची मुभा बॉस्टनला मिळाली. ड्राफ्टमध्ये दुबळ्या संघाला वरचा क्रम मिळण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे ब्रुकलिन खचत गेले तसतसे बॉस्टनच्या पदरातले दान वाढत गेले. जेलन ब्राउन आणि जेसन टेटम त्याच हक्कांच्या वाटेने बॉस्टनला आले, आणि २०२४ साली सेल्टिक्स विजेते झाले. ब्रुकलिनने घेतली ती दोघांची कीर्ती. तिच्यामागची उमेदीची वर्षे आधीच खर्ची पडली होती.

टोरंटो रॅप्टर्सची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. २०१७-१८च्या हंगामात त्यांनी ५९ सामने जिंकले, आणि तरी लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलंडकडून सलग तिसऱ्या वर्षी ते हरले. त्या उन्हाळ्यात लेब्रॉन पश्चिम विभागात गेला. वाट मोकळी झाली. संघाचे सूत्रधार मसाई उजिरी यांनी जुलै २०१८मध्ये सॅन अँटोनिओकडून कवाय लेनर्डला आणले. दुखापतीमुळे आदल्या हंगामात जेमतेम नऊ सामने खेळलेला आणि वर्षभरात निघून जाण्याची मुभा असलेला हा खेळाडू. त्याच्यासाठी त्यांनी दिला डिमार डिरोझन, नऊ हंगाम टोरंटोचा चेहरा असलेला. पण पास्कल सिआकम, फ्रेड व्हॅनव्लीट ही वाढती रोपटी त्यांनी हातची जाऊ दिली नाहीत. १२ मे २०१९ रोजी फिलाडेल्फियाविरुद्ध अखेरच्या क्षणी लेनर्डने फेकलेला चेंडू चार वेळा कड्यावर आदळून आत पडला, आणि जूनमध्ये टोरंटो प्रथमच विजेते झाले. लेनर्ड लगेच लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे गेला. तरीही पुढच्या हंगामात टोरंटोने ७२पैकी ५३ सामने जिंकले.

लेनर्डला जोडीदार हवा म्हणून क्लिपर्सने ओक्लाहोमा सिटीकडून पॉल जॉर्ज घेतला, आणि एकविशीच्या उंबरठ्यावरचा शे गिल्जस-अलेक्झांडर पहिल्या फेरीच्या पाच हक्कांसह दिला. २०२४मध्ये जॉर्ज दुसऱ्या संघात निघून गेला. २०२५मध्ये शे सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि ओक्लाहोमा सिटी विजेते. तेव्हा हातचे म्हणजे काय, हाच प्रश्न म्हणीने मोकळा सोडलेला आहे. जवळजवळ पूर्ण झालेल्या संघात एकच उणीव असेल तर पळत्यामागे धावावे. पण किंमत म्हणून जे अजून घडायचे आहे ते देऊ नये.

इथवर हिशेब जुळतो. साहित्याच्या वाचकाला मात्र तो पुरत नाही, असे मला वाटते. व्यवस्थापक संघाकडे कथानक म्हणून पाहतो; प्रेक्षक पात्रांच्या सोबतीने जगतो. डिरोझनने २०१६ साली टोरंटोशीच नवा करार केला होता. आपल्याला एक सांगितले गेले आणि घडले दुसरेच, अशी व्यथा त्याने जाहीरपणे मांडली. संवादात अंतर राहिल्याबद्दल उजिरींनी जाहीर क्षमाही मागितली. कोट्यवधींचे मानधन घेणाऱ्याला द्यूतात पणाला लागलेल्यांच्या पंक्तीत बसवणे अतिशयोक्त होईल. तरीही पणाला लागलेल्याने सभेत प्रश्न विचारला की पुढे जिंकलेला डाव हे त्याचे उत्तर होत नाही, एवढे तर महाभारताच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक असते.

टोरंटोचा निर्णय योग्य होता, असेच मी म्हणेन. तो चेंडू चौथ्यांदा कड्यावर आदळून बाहेर पडला असता तरी योग्यच म्हटले असते, कारण निर्णयाची पारख फळावरून करायची नसते. नेमक्या त्याच न्यायाने, विजेतेपद मिळाले म्हणून डिरोझनला आधी स्पष्ट न सांगणेही क्षम्य ठरत नाही. तारा मिळवण्यासाठी संघाने आपला माणूस जरूर द्यावा; पण तो पणाला लागला आहे, हे त्याला इतरांकडून कळू नये.