आईचे पान

वसईच्या वाड्यांत वाढलेल्या आम्हां माणसांना पालेभाजीचे अप्रूप कसले? मुळा, माठ, मेथी, पालक यांचे भारे पहाटेच्या गाडीने मुंबईच्या बाजारात जात आणि त्या पैशांवर घरे चालत. मात्र भाजी पिकवणाऱ्या घरातील सुनेच्या पानात त्यातले किती पडे, हे सहसा कुणी विचारले नाही. आधी पुरुष जेवत, मग मुले, आणि शेवटी उरलेसुरले घेऊन बायका बसत. सुनेला दिवस गेलेले असले तरी हा क्रम मोडत नसे. बाळंतपणात एखादी फिकुटलेली पोर दगावली, की 'अंगात रक्तच नव्हते' एवढे बोलून मंडळी गप्प होत.

परंतु रक्त का नव्हते? हा प्रश्न आमच्या शेजारी, मुंबईत, एका परदेशी स्त्रीने चिकाटीने विचारला. तिचे नाव डॉ. लुसी विल्स.

१८८८ साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या लुसीबाईंनी केंब्रिजला वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास केला. ते विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना पदवी देत नसे. पुढे १९२० साली त्या लंडनमध्ये डॉक्टर झाल्या आणि गर्भवतींच्या जीवघेण्या पांडुरोगाचा शोध घेण्यासाठी १९२८ साली मुंबईस आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांचे काम सुरू झाले. रुग्णांचे रक्त तपासून त्या थांबल्या नाहीत. एस. एन. तळपदे यांच्यासमवेत त्यांनी मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली. या स्त्रिया काय खातात, कोठे राहतात, हे त्यांनी नोंदवले. ही पाहणी १९३० साली प्रसिद्ध झाली. रोगाचे मूळ पानातच आहे, हा त्यांचा संशय दृढ होत गेला.

मग त्यांनी या रुग्णांना यीस्टचा अर्क देऊन पाहिला. इंग्लंडात पावाला लावून खाल्ला जाणारा 'मार्माइट' नावाचा हा स्वस्त पदार्थ. त्याने फिक्या पडलेल्या स्त्रियांच्या रक्तात झपाट्याने सुधारणा झाली. १९३१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गुणकारी द्रव्य कोणते, हे तेव्हा ठाऊक नव्हते, म्हणून त्याला 'विल्स घटक' म्हणू लागले. पुढे १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पाल्यातून एक द्रव्य वेगळे करण्यात आले आणि लॅटिनमधील 'पान' या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव पडले फॉलिक आम्ल. विल्सबाईंचा घटक तो हाच. १९४५ साली ते प्रयोगशाळेत तयार झाले. त्या कामाच्या मागे आंध्रचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव होते.

विल्सबाई १९६४ साली वारल्या. त्यांच्या कार्याचे मोल त्यानंतरही वाढतच राहिले. १९९१ साली ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. मज्जारज्जूचे व्यंग असलेले मूल ज्यांना पूर्वी झाले होते, अशा स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेतले, तर पुढच्या बाळांतील ते व्यंग ७२ टक्क्यांनी टळते, असे त्यातून दिसले. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली सहा खेड्यांत आरंभलेल्या अभ्यासातही, पालेभाज्या, फळे व दूध अधिक घेणाऱ्या मातांची बाळे अधिक भरलेली आढळली. मूत्रपिंडांचेही तसेच. दिवस भरून जन्मलेल्या बाळाच्या मूत्रपिंडांतील सूक्ष्म गाळण्या आईच्या उदरातच तयार झालेल्या असतात आणि नंतर त्यांत एकीचीही भर पडत नाही. त्या कमी पडल्या तर पुढे रक्तदाब जडण्याचा धोका वाढतो, असा विचार डॉ. बॅरी ब्रेनर यांनी १९८८ साली मांडला.

वाचकहो, बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर अवघ्या चार आठवड्यांत मिटते. पाळी चुकल्याचे ध्यानी येईपर्यंत तो काळ सरत आलेला असतो. म्हणजे डोहाळजेवणाच्या दिवशी पंचपक्वान्ने वाढून ही तूट भरून निघत नाही. लग्नाच्या बोलणीत मुलीच्या अंगावर किती तोळे घालणार, याची चौकशी आम्ही करतो. तिच्या अंगात रक्त किती, हेही विचारले पाहिजे, आणि ती सासरी आली की सर्वांच्या बरोबरीने तिचेही पान मांडले पाहिजे. डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेली गोळी स्वस्त आहे, भाजी तर परसातलीच आहे. घरातल्या जेवणाचा क्रम तेवढा आम्हांलाच बदलावा लागेल.