उन्हाळ्यातील व्याळू

इंदूरच्या सराफा बाजारात रात्री सोन्याचांदीची दुकाने बंद होतात आणि त्यांच्याच दारांत खाऊगल्ली उजळते. उन्हाळ्यात मोकळ्या हवेत चार माणसांत बसून खाण्यापिण्याचा तो आनंद मलाही समजतो. मात्र येडशीत आमच्या घरी तो सूर्यास्तापूर्वीच घ्यावयाचा. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. म्हणून सहा वाजताच अंगणात कडुनिंबाखाली पाने मांडली जातात. रामलिंगच्या रानाकडून वारा येतो. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, गाळलेल्या पाण्यातले कैरीचे पन्हे. परंतु गिऱ्हाइकीची ऐन वेळही तीच. अर्धा तास गल्ला सोडावा लागतो; एखादे गिऱ्हाईक परतही जाते. ते नुकसान मी वहीत मांडत नाही. दिवसभरात सारे घर एकत्र बसते, ते तेवढाच वेळ.